तळे क्रमांक नऊ

माझ्या पद्मा मावशीचे यजमान सदानंद गुप्ते यांना पोहता येत नव्हतं. गळाला आमिष कसं लावतात ते ठाऊक नव्हतं. ताटात मासा आला तर ते आधी काटे बाजूला काढून रांगेत लावायचे आणि तेवढ्यात भात गार व्हायचा. अशा माणसाने अठ्ठ्याण्णव सालच्या दिवाळीनंतर होडी घेतली, तेव्हा बडोद्याच्या तरसालीतल्या आमच्या सोसायटीने एकमताने ठरवलं की गुप्तेसाहेबांना व्हीआरएस मानवली नाही.

व्हीआरएस त्यांनी आदल्या वर्षी घेतली होती. तोवर एका मोठ्या सरकारी कारखान्यात ते भांडार सांभाळायचे. पणजोबा बडोदे संस्थानच्या दफ्तरात, आजोबा दफ्तरात, वडील कचेरीत. त्यामुळे आधी वही उघडल्याशिवाय या घराण्यात काही घडत नसे. चौऱ्याऐंशी साली घरात फ्रीज आला तो चौदा महिन्यांच्या टिपणांनंतर. काकांच्या खिशात एक दुतोंडी पेन्सिल असायची, एकीकडे निळी, एकीकडे लाल. अर्धवट कामाखाली निळी रेघ. काम संपलं, आता पुन्हा बघायला नको, की खाली लाल, दोनदा. लाल रेघा मारताना मी त्यांना क्वचितच पाहिलं आहे, कारण काम पूर्ण झालं असं मानायला ते सहसा तयार नसत.

मी नवसारीची. शाळा गुजराती, घर मराठी. फतेगंजला युनिव्हर्सिटीत शिकायला आले आणि मावशीकडे राहिले. घरात त्यांना मी काका म्हणायची. बाहेर मैत्रिणींशी बोलताना मात्र ‘मारा मासा’, कारण मावशीच्या नवऱ्याला गुजरातीत मासाच म्हणतात. हे मी मुद्दाम सांगून ठेवते, नंतर लागणार आहे.

मावशी अलिबागची. लग्न होऊन बडोद्याला आली आणि तीस वर्षं तिने प्रत्येक गोष्टीला नाव ठेवलं. खंडेराव मार्केटातून आलेली वांगी निबर, कोथिंबीर पाण्याने फुगवलेली, आणि मासा तर कधी पासच झाला नाही. बाजारात येईतो त्याने बर्फात दोन दिवस काढलेले असायचे, आणि ती पहिल्या घासाला सांगायची, ‘शिळा आहे.’ मग सगळा संपवायची. शेजारी सगळे शाकाहारी, म्हणून रविवारी खिडक्या लावून मासे तळायचे आणि बंद खिडक्यांच्या आत मावशी त्यांना नावं ठेवायची, असा आमचा रविवार.

त्या पावसाळ्यात तिला विषमज्वर झाला. ताप उतरला, पण तोंडाची चव गेली ती गेलीच. महिने तीन झाले. सगळे रिपोर्ट चांगले आले आणि मावशी मात्र वाळत चालली. ब्लाउज खांद्यावरून घसरायला लागले. डॉक्टर म्हणाले, आता औषध असं नाही, खाल्लं पाहिजे. आम्ही पुढे ठेवू त्यातले ती दोन घास खायची आणि म्हणायची, ‘बरं आहे.’

तिच्या तोंडून ‘बरं आहे’ मी तोवर कधी ऐकलं नव्हतं. मुद्दाम करपवलेली पोळी दिली, तरी बरं आहे. बिनमिठाची आमटी दिली, तरी बरं आहे. ती आपल्यातून हळूहळू निघून चालली आहे हे मला स्पष्ट दिसत होतं आणि मी घाबरले होते. काका घाबरले होते का ते कळत नव्हतं. ते तिच्या वजनाचा तक्ता ठेवत होते आणि खाली निळ्या रेघा मारत होते.

तापात एकदा, डोळे मिटलेले असताना, ती एवढंच बोलली होती, ‘पाण्यातून काढलेला ताजा मासा असता, तर खाल्ला असता.’ काकांनी ते वहीत तारीख आणि वेळ घालून लिहून ठेवलं. बाजारातला सगळ्यात ताजा म्हणतात तो आणून झाला. मावशी म्हणाली, बरं आहे. तेव्हा काकांनी निष्कर्ष काढला की ताजा म्हणजे आपण स्वतः काढलेला. कुणाला यातलं काही सांगितलं नाही. विचारलं तर म्हणायचे, ‘छंद.’

होडी त्यांना सुभानराव या जुन्या मित्राने दिली. सुभानरावांची मकरपुऱ्यात फायबरची वर्कशॉप. त्या वर्षांत जो तो फायबरचं काहीतरी करत होता, टाक्या, खुर्च्या, दारं. एका होऊ घातलेल्या रिसॉर्टने त्यांच्याकडे सहा होड्या सांगितल्या आणि रिसॉर्ट झालंच नाही. पाच होड्या भरवाडांनी गुरांना पाणी पाजायला नेल्या. सहावी उरली होती, आठ फुटी, निळी.

‘गुप्ते, तुम्हाला पोहता येतं का?’ सुभानरावांनी विचारलं.

‘नाही. म्हणून शांत तळं बघतोय,’ काका म्हणाले.

मग त्यांनी नवी वही उघडली. वर लिहिलं, ‘नवशिक्यास व लहान होडीस योग्य तळी.’ रोज सकाळी मारुती व्हॅन काढायची, एक तळं बघायचं, काठावर तासभर उभं राहायचं, कागदाचे कपटे पाण्यात टाकून ते कुठे जातात ते पाहायचं. मी कॉलेज नसेल तेव्हा बरोबर असे. सूरसागर पहिल्याच दिवशी बाद झालं, भर वस्तीत, आणि ज्या पाण्यात आपण गणपती सोडतो तिथे गळ टाकणं काकांना पटेना. आजवा फार मोठं. वारा सुटला की लाटा येतात, परवानगी लागते, आणि मगरींबद्दल ऐकलेलं. तरसालीचं तळं घराजवळ, पण काठावर सकाळी निम्मी सोसायटी फिरायला. वहीत त्यापुढे शेरा आहे, ‘पाणी शांत. माणसं शांत नाहीत.’ वढवाण्याला पक्षी बघायला आलेल्या एका गृहस्थांनी काकांना अर्धा तास दुर्बिणीतून बदक दाखवलं, त्यानंतर तिथे मासे धरायचं बोलणं त्यांना अशक्य झालं. पाचवं शेवाळाने भरलेलं, सहाव्यात म्हशी, सातवं सुंदर होतं पण कोरडं. आठव्याच्या काठी एक माणूस म्हणाला, पाणी फार शांत आहे साहेब, कारण मगरीला सगळे घाबरतात.

तोवर मावशीचं वजन आणखी दीड किलोने उतरलं. काका रात्री तक्ता आणि तळ्यांची वही शेजारी शेजारी ठेवून बसायचे, आणि दोन्हींत निळंच निळं होतं.

नववं तळं वाघोडियाच्या अलीकडे आत एका फाट्यावर. गावाचं नाव सांगत नाही, कारण तिथे मासे धरू देत नाहीत, आणि काकांना धरू दिला. मी व्हॅनमध्ये परीक्षेचं वाचत बसले होते. काका एकटे काठावर गेले आणि वडाखाली बसलेल्या शनाभाई नावाच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याशी बोलले. काकांचं गुजराती म्हणजे मराठीच, शेवटी ‘छे’ लावलेलं. कारखान्यात तीस वर्षं ते चाललं, कारण बडोद्यात मोठ्या माणसाची चूक कुणी काढत नाही.

त्यांनी विचारलं, ‘भाई, अहीं मासा छे?’

शनाभाई म्हणाले, ‘कोना मासा?’

काकांना वाटलं, मासे कुणाच्या मालकीचे असं विचारतायत. ते म्हणाले, ‘मारी वाइफ माटे. त्रण महिनाथी एणे बराबर खाधुं नथी.’ माझ्या बायकोसाठी, तीन महिने तिने नीट खाल्लेलं नाही.

‘आ तळावमां?’ या तळ्यात?

‘हा.’

शनाभाई उठले. त्यांनी काकांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, ‘अमे काढी आपीशुं.’ आम्ही काढून देऊ.

‘ना ना,’ काका म्हणाले, ‘हुं जाते काढीश. होडी छे मारी पासे.’ मी स्वतःच काढेन, होडी आहे माझ्याकडे.

मग शनाभाईंनी तळ्याची माहिती दिली, अशी माहिती आठ तळ्यांत मिळून कुणी दिली नव्हती. पाणी पुरुषभर. भोवरा नाही. वारा नऊ वाजेपर्यंत उठत नाही. मगर नाही, असती तर मग विषयच संपला असता. आणि या पाण्यात जे काही असेल ते शेवटी वडाखालच्या कोपऱ्यात येतं. काकांनी सगळं लिहून घेतलं.

परत येताना ते हरखून गेले होते. ‘अवंती, काय सज्जन माणसं. उद्या दोर देणार, बांबू देणार, चार माणसंसुद्धा.’

‘एका माशाला चार माणसं कशाला?’ मी विचारलं.

‘आपुलकी,’ काका म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सात वाजता आम्ही व्हॅनच्या टपावर होडी बांधून पोचलो, तर काठावर तीसेक माणसं उभी. बायका पदर पुढे ओढून एका बाजूला. दोघांच्या हातात लांब बांबू, एकाकडे विहिरीतल्या बादल्या काढायचा लोखंडी गळ, आणि एका म्हातारीच्या हातात घडी न मोडलेलं पांढरं कापड. कुणी हसत नव्हतं. चहा तयार होता, तोही त्यांनी आम्हाला हळू आवाजात दिला. मला काहीतरी विचित्र वाटत होतं, पण काकांनी सगळ्यांना नमस्कार केला आणि कमरेला मोटारीची ट्यूब बांधली. होडीला बांधलेल्या दोराचं दुसरं टोक माझ्या हातात दिलं.

ते वडाखालच्या कोपऱ्यात गेले. कणकेची गोळी लावून बारीक गळ पाण्यात सोडला. शनाभाई शेजाऱ्याला पुटपुटले, ‘आटला नाना गळथी?’ एवढ्याशा गळाने? शेजाऱ्याने मान हलवली, दुःखात माणसाला काही सुचत नाही, अशा अर्थाने.

नवशिक्याला एवढं शांत तळं जगात कुठे मिळालं नसेल. पाण्यावर तरंग नाही, काठावर तीस माणसं आणि खोकण्याचाही आवाज नाही. म्हातारी मधून मधून ‘राम, राम’ म्हणायची. तासभर असाच गेला. मग दोरीला बांधलेलं बूच बुडालं, काकांनी काठी उचलली आणि वीतभर लांबीचा एक रोहू होडीत येऊन पडला.

‘मासा,’ काका ओरडले, ‘मासा मळ्या.’ ते उभे राहिले, होडी हलली, ते बसले.

सगळा काठ माशाकडे बघत राहिला. मी दोर ओढून होडी आणली. काका मासा दोन्ही हातांत धरून उतरले, ट्यूबसकट. शनाभाईंनी बराच वेळ विचार केला. मग माझ्याकडे वळले.

‘बेन, आ भाई तमारे शुं थाय?’ हे तुमचे कोण?

मी नेहमीचं उत्तर दिलं. ‘मासा.’

शनाभाईंनी माशाकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग लोकांकडे वळून म्हणाले, ‘चालो, मळी गया.’ चला, सापडले.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. बांबू, लोखंडी गळ, पांढरं कापड. आमच्या मावशीचे मासा, म्हणजे तिच्या मावशीचे यजमान, या तळ्यात बुडालेत आणि तिने अन्न टाकलंय, असं गाव कालपासून समजून होतं. मी काकांना बाजूला घेऊन सांगितलं. ‘काका, गुजरातीत याला माछली म्हणतात.’

त्यांचा चेहरा आधी कोरा झाला, मग लाल. तेवढ्यात म्हातारी पुढे आली आणि सांगू लागली, या तळ्यातल्या माछल्यांना आम्ही दर अगियारसेला, म्हणजे एकादशीला, पिठाच्या गोळ्या घालतो, इथे कुणी धरत नाही. काका तसेच माघारी फिरले. मासा घेऊन पाण्याकडे चालू लागले. सोडणार होते. तीन महिने, नऊ तळी, आणि ते सोडणार होते, कारण नियम म्हणजे नियम.

काठावर पोचल्यावर मात्र ते थांबले, मागे वळले आणि त्यांनी लोकांची माफी मागितली. मग त्यांच्या त्या गुजरातीत सगळं सांगितलं. ताप, बरं आहे, ताजा मासा. मला वाटतं आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी वहीत न बघता काही सांगितलं असेल. शेवटी म्हणाले, ‘मने बीक लागे छे.’ मला भीती वाटते. हे त्यांनी मलाही कधी सांगितलं नव्हतं. माझे डोळे भरून आले.

म्हातारीने मला विचारलं, ‘साचे नथी खाती?’ खरंच खात नाही?

‘साचे,’ मी म्हटलं.

ती शनाभाईंकडे बघून म्हणाली, ‘लई जवा दे. एक ज.’ नेऊ दे, एकच. मग तिने आमच्या बादलीत स्वतः पाणी भरलं, काकांनी मासा आत सोडला आणि तिने ते पांढरं कापड वर घातलं, मासा बाहेर उडू नये म्हणून.

व्हॅन वाघोडिया रोडला लागली. काका म्हणाले, ‘तीस वर्षं मी कँटीनमध्ये सांगत होतो, रविवारे घरे मासा छे.’

‘मग?’

‘सोमवारी सगळे विचारायचे, केम गुप्तेसाहेब, मासा मजामां? मी म्हणायचो, एकदम सरस.’ थोड्या वेळाने म्हणाले, ‘निरोपाच्या दिवशी पेढ्यांचं एक वेगळं पाकीट दिलं होतं. आ मासा माटे. मला कळेना, माशाबरोबर पेढे कोण खातं.’

घरी पोचलो तेव्हा मासा जिवंत होता. तोवर आमच्या लक्षात आलं नव्हतं की आता तो कापायचा कुणी. काकांनी सुरी धुतली, पुसली आणि हातात धरून उभे राहिले. मासा ओट्यावर तडफडला, तिथून खाली पडला, फरशीवर तडफडला. मी किंचाळले नाही, पण बाजूला झाले.

भिंतीला धरत मावशी दारात आली. तीन महिन्यांत ती स्वयंपाकघरात आली नव्हती.

‘काय चाललंय?’

‘ताजा आहे,’ काका म्हणाले. ‘तळे क्रमांक नऊ. पाणी अगदी शांत.’

ती बघत राहिली. मासा फ्रीजखाली चालला होता. ‘असा धरतात का मासा,’ ती म्हणाली, ‘द्या इकडे.’ आणि खाली बसली. मी विळी दिली. ओला मासा हातातून निसटू नये म्हणून तिने बादलीवरचं पांढरं कापड ओढून घेतलं आणि त्यात तो घट्ट धरला. ते कापड कशासाठी होतं ते आम्ही तिला सांगितलं नाही. खवले निघाले, तुकडे पडले. मग ती तिथेच भिंतीला टेकून बसली आणि मला हळद किती, तिखट किती, ते सांगत राहिली. ‘खिडक्या लाव,’ असंही म्हणाली.

ताट तिच्यापुढे ठेवलं. काका समोर बसले, हात गुडघ्यांवर. तिने एक तुकडा मोडला, तोंडात घातला, सावकाश चावला. मी मनात म्हणत होते, देवा, बरं आहे म्हणू देऊ नकोस.

‘याला चिखलाचा वास येतोय,’ मावशी म्हणाली.

काकांनी मान वर केली.

‘तळ्याचा मासा हा असाच. आमच्याकडे मांजरं खात नाहीत. आणि अवंती, तेल तापलं नव्हतं. कोकमाचं आगळ कधीचं आहे हे? मीठ कुठे आहे यात?’ बोलता बोलता तिने दुसरा तुकडा उचलला. मग तिसरा.

‘म्हणजे बरं नाहीये?’ काकांनी विचारलं.

‘अजिबात नाही.’

काका उठले आणि फ्रीजकडे तोंड करून उभे राहिले. फ्रीज उघडला नाही. मावशीने काटा काढून ताटाच्या कडेला ठेवला आणि ताट माझ्यापुढे केलं. ‘आहे का अजून? नुसता टाकून कशाला द्यायचा.’

मी उरलेले दोन तुकडे वाढले. मावशी म्हणाली, ‘तळं बदला. पुढच्या वेळी मलाही घेऊन चला. तुम्हाला मासा कळत नाही.’

‘हो,’ काका फ्रीजशी बोलल्यासारखे म्हणाले, ‘आज सकाळी तेच निघालं.’

मावशी पुढे पूर्वीसारखी झाली. वांग्यांना, मला, सोसायटीला, दहाव्या तळ्याला आणि अकराव्याला तिने नावं ठेवली. निळ्या होडीत ती ट्यूब न बांधता बसायची, कारण तिला पोहता यायचं. तळ्यांची ती वही आता माझ्याकडे आहे. नवव्या तळ्याच्या पानावर काकांनी त्या दुपारी लिहिलं आहे, ‘पाणी शांत. माणसं उत्तम. मासा सौ.ला आवडला नाही, चिखलाचा वास. तळे अयोग्य.’ आणि खाली, पानाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत, दोन लाल रेघा.